रंगरावांच्या वाट्याचे श्वास

रंगराव आंघोळीला गेले की मुक्ताईचं काम सुरू व्हायचं. आतून कडी लागली, बादलीत पाणी पडायला लागलं, की ती त्यांच्या खोलीत शिरायची, खणातलं ते प्लास्टिकचं यंत्र पदराखाली घ्यायची आणि स्वयंपाकघरात येऊन दार लोटून घ्यायची. यंत्र म्हणजे तरी काय, एका चौकटीत तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एकेक निळा चेंडू आणि बाजूला तोंडात धरायची लवचीक नळी. इस्पितळातून आलेलं. ऑपरेशनच्या आधी छाती तयार हवी, रोज सकाळ-संध्याकाळ याच्यावर दमाचा व्यायाम झालाच पाहिजे, चेंडू वर गेले पाहिजेत, अशी ताकीद होती.

मुक्ताई नळी ओठांत धरायची, डोळे मिटायची आणि शहाळं प्यावं तसा श्वास ओढायची. खट्, खट्, खट्. तिन्ही चेंडू वर. थोडं थांबून पुन्हा. दहा वेळा झालं की नळी गरम पाण्याने धुवायची आणि देव्हाऱ्याकडे बघून म्हणायची, "हे त्यांचे."

आता याला कुणी खुळेपणा म्हणेल. खुशाल म्हणावं. लग्न झाल्यापासून मुक्ताईने सोमवार धरले, वडाला दोरे गुंडाळले, नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालली. उपाशी राहायची ती आणि आयुष्य वाढायचं नवऱ्याचं. यात कधी कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, खुद्द रंगरावांनाही नाही. मग उपासाचं चालतं तर श्वासाचं का चालू नये, एवढाच तिचा सरळ विचार होता.

आणि दुसरं करणार काय बिचारी? तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. एका दुपारी ती शहाळ्याचं पाणी घेऊन खोलीत गेली, तर रंगराव पलंगाच्या कडेला बसलेले, चेहरा लालबुंद, कपाळाच्या शिरा तटतटलेल्या. यंत्र समोर स्टुलावर, आणि तिन्ही चेंडू तळाशी ढिम्म. तिला बघताच त्यांनी घाईघाईने त्यावर टॉवेल टाकला.

"झालं का?" तिने विचारलं.

"झालं की," ते म्हणाले. "मला काय अवघड आहे त्यात."

तिने पेला ठेवला आणि ओट्याशी येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशी खोटं बोलला होता तो फक्त विड्यांच्या बाबतीत, आणि तेही धडपणे बोलता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर तिने भीत भीत ते यंत्र तोंडाला लावून पाहिलं. तिन्ही चेंडू वर गेले. जिने जन्मात साधी शिट्टी वाजवली नाही तिला हे जमतं, म्हणजे हे काही फार कठीण काम नव्हे. मग त्यांचं किती उरलं असेल? त्या दिवसापासून तिने त्यांच्या वाट्याचे श्वास घ्यायला सुरुवात केली.

रंगरावांचा दम काय चीज होती, हे धायरीच्या या नव्या सोसायटीत कुणाला ठाऊक असणार! ते बुधवार पेठेत जाऊन विचारावं. तिथल्या गाळ्यात त्यांच्या आज्यापासूनचा बँड, आणि रंगराव त्या बँडचे मास्तर, हातात क्लॅरोनेट. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ते एखादा सूर असा लांबवायचे की गॅलरीतल्या बायका मुलांना गप्प करायच्या. गाणं सुरू व्हायच्या आधी त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट वर जायचं. सगळा ताफा त्या बोटाकडे बघत छाती भरून घ्यायचा, आणि बोट खाली आलं की वीस-पंचवीस वाद्यं एका तोंडाने बोलायची. पुढे लग्नांच्या वरातींत ते भिंतीएवढे स्पीकर आले, बँडवाल्यांची कामं निम्म्यावर आली. बाकीचे मास्तर शिव्या द्यायचे. रंगराव म्हणायचे, "त्यांचं आपलं भांडण नाही. त्यांना वीज लागते, आपल्याला जेवण लागतं." आणि कमी कामं असली तरी कोटाची बटणं तशीच चकचकीत. मुक्ताईला या गोष्टीचा फार अभिमान होता. तोंडावर कधी बोलली नाही, पण होता.

त्याच लक्ष्मी रोडवर यंदाच्या गणपतीत त्यांनी गाण्याच्या मध्यावर क्लॅरोनेट खाली केलं आणि ते फुटपाथवर जाऊन बसले. उभ्या आयुष्यात अर्धं सोडलेलं ते पहिलं गाणं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप आकसली आहे, दार किलकिलं उघडतं आणि रक्त तेवढ्याच फटीतून जातं; झडप बदलावी लागेल. मुलगा तेजस हडपसरला कॉम्प्युटर कंपनीत होता, कंपनीच्या विम्यात आईवडील बसत होते, त्यामुळे पैशाची चिंता नव्हती. चिंता फक्त वाट बघण्याची. आधी तारखेची वाट, मग डॉक्टर म्हणाले किडके दात काढल्याशिवाय झडप बसवता येणार नाही, तोंडातले जंतू हृदयात जातात, म्हणून दोन दाढा काढून जखम भरण्याची वाट. दातांच्या डॉक्टरला रंगरावांनी एवढंच सांगितलं, "मागचे हवे तेवढे घ्या. पुढच्यांना हात लावू नका, त्यांची नोकरी चालू आहे."

वाद्य वाजवायला सक्त मनाई होती. तरी रोज संध्याकाळी ते क्लॅरोनेट जुळवून मांडीवर घ्यायचे. तोंडाला लावायचे नाहीत, नुसती बोटं चालायची. मुक्ताई समोर बसून मेथी निवडायची आणि बोटांवरून ओळखायची, आज कुठलं गाणं चाललंय ते. भीती वाटते असं ते एकदाही म्हणाले नाहीत. अलीकडे मात्र बोटं मध्येच थांबायची आणि ते भिंतीकडे बघत राहायचे.

ऑपरेशन गुरुवारी होतं. त्याआधीच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं.

सगळे म्हणजे धाकटा भाऊ भैरू, जो आता गाळा सांभाळायचा आणि बँडमध्ये ते पोटाएवढं युफोनियम फुंकायचा. आणि मोठी बहीण विजयमाला. विजयमालाबाई नारायण पेठेतून रिक्षा करून आल्या आणि चपला काढता काढताच सुरू झाल्या. "याला पुणे म्हणतात होय? मला वाटलं, रिक्षावाला आता सिंहगड चढूनच थांबतो."

"दमला असाल वन्सं, पाणी घ्या," मुक्ताई म्हणाली.

"दमायला काय, मी थोडीच चालत आले?"

जेवणं झाली. सून रुपालीने मागचं आवरलं. ती अमरावतीची, तेजसच्याच कंपनीत कामाला. या घरात येऊन दीड वर्ष झालं तरी चार बँडवाले एकत्र बसले की एवढे मोठ्याने का बोलतात, हे तिला अजून उमगलं नव्हतं. पण आज कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. भैरू तर आल्यापासून सुपारी कातरत होता, खात नव्हता.

रंगराव नीट बसले, गुंड्या लावल्या आणि म्हणाले, "मी ऑपरेशन करून घेणार नाही."

तेजसने हातातला मोबाइल खाली ठेवला. "अण्णा, सगळं अप्रूव्ह झालंय. तारीख मिळालीय. आता कॅन्सल करायचं म्हणजे..."

"म्हणजे कॅन्सल करायचं."

"बरोबर आहे," विजयमालाबाई म्हणाल्या. "मी पहिल्यापासून सांगत होते. छाती उघडायची म्हणजे काय कपाट आहे? पण मला या घरात विचारतो कोण."

"मलाही दादाचं पटतंय," भैरू सुपारीकडे बघत पुटपुटला. "नकोच ते."

झालं. विजयमालाबाई आणि भैरू यांचं बापाच्या पाठीमागे एका गोष्टीवर कधी एकमत झालं नव्हतं, आणि ते आज होऊ द्यायचा बाईंचा मुळीच विचार नव्हता. त्या गर्रकन वळल्या. "तुला का पटतंय रे? रंगा घरी बसला की गाळ्यावर तूच मास्तर, म्हणून? रंगा, तू गुरुवारी जायचंस. मी स्वतः येते बरोबर."

"आक्का, देवाशपथ तसं नाही," भैरू म्हणाला, आणि त्याचा चेहरा एवढासा झाला.

"मग कसं आहे?"

"अण्णा," रुपालीने मध्येच हळूच विचारलं, "काही झालं का? दाढा काढल्या तेव्हा तर तुम्हीच आम्हाला धीर देत होता."

रंगराव मुक्ताईकडे न बघता म्हणाले, "ते यंत्र आण."

आपल्याला जी गोष्ट कळली आहे ती त्यांना सगळ्यांसमोर सांगावी लागणार, आणि आपण ती थांबवू शकत नाही, याचं मुक्ताईला फार वाईट वाटलं. तिने यंत्र आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"यातला एक चेंडू माझ्याने हलत नाही," रंगराव म्हणाले. आवाज अगदी साधा, गाळ्यावर उद्याच्या कामाची वेळ सांगावी तसा. "रोज करतो. पहाटे करतो, दुपारी करतो. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पण चेंडू जागचा हलत नाही. इस्पितळातली पोरगी म्हणाली होती, याच्यावर दम तयार झाला की ऑपरेशननंतर छाती लवकर सावरते. माझ्याकडे दमच नाही. तिथे टेबलावर आडवं झाल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलं, बरं झालं. आता जे काय दिवस असतील ते घरात काढू दे मला. भैरू, कोट तू घे. क्लॅरोनेट कुणाला द्यायचं ते अजून ठरलं नाही."

तेजसने मान फिरवली. ज्या माणसाच्या फुंकरीवर तीन पिढ्या जेवल्या, तो माणूस आपला दम संपल्याचं सांगत होता, आणि सांगतानाही त्याचा आवाज कुठे कापला नव्हता. मुक्ताईला वाटलं, देवा, याच्यापेक्षा हा माणूस रडला असता तर बरं झालं असतं.

आणि रडला भैरू. अडकित्ता खाली ठेवून एकदम रडला. "दादा, माझंही तेच आहे. परवा आलो होतो तेव्हा तू झोपला होतास. मी गंमत म्हणून फुंकून बघितलं. एक चेंडू हलेल तर शपथ. मला वाटलं, हे आपल्या घराण्यातच आहे. आज तुझी छाती, उद्या माझी. घरी बायकोलाही बोललो नाही. म्हणून म्हटलं, नको ते ऑपरेशन."

तेवढ्यात तेजस खाकरला.

"मी पण करून बघितलं होतं," तो म्हणाला. "ऑफिसला निघताना. माझाही एकसुद्धा नाही हलला. मला वाटलं, सिगरेटमुळे असेल."

"सिगरेट?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"सिगरेट?" रुपाली म्हणाली, पण वेगळ्या आवाजात.

मुक्ताईचं मात्र त्या सिगरेटकडे लक्ष नव्हतं. ती भैरूकडे बघत होती. हा माणूस बुधवार पेठेपासून नदीपर्यंत युफोनियम फुंकत जातो आणि वर दोन वडापाव खातो. तेजसने दहावीपर्यंत गाळ्यावर ट्रंपेट वाजवलेलं. या तिघांकडून चेंडू हलत नाही आणि आपल्याकडून तिन्ही उडतात? तिच्या मनात पहिल्यांदाच आलं की दोष माणसांत नसेल.

"अहो," ती म्हणाली, "मला एकदा करून दाखवा."

"आता काय दाखवायचं?"

"दाखवा म्हणते ना."

"सगळ्यांसमोर?"

"लक्ष्मी रोडवर हजार माणसांसमोर वाजवलंत. इथे आम्ही चार-पाच जण आहोत, तेही घरचे."

रंगरावांनी यंत्र उचललं. पाठ ताठ केली, ओठ आवळले, नळी तोंडात धरली आणि फुंकर मारली. काय फुंकर होती ती! गालफडं फुगली नाहीत, खांदे हलले नाहीत, सगळा जोर पोटातून, मास्तर शिकवतात तसा. तिन्ही चेंडू तळाला घट्ट चिकटून बसले.

मुक्ताई बघतच राहिली. मग तिने तोंडाला पदर लावला. आधी सगळ्यांना वाटलं, ती रडते आहे.

"अहो, तुम्ही फुंकताय," ती म्हणाली.

"मग काय करू? आरती ओवाळू त्याला?"

"ओढायचं असतं ते. आत. श्वास आत घ्यायचा."

रंगरावांनी यंत्राकडे पाहिलं, भैरूकडे पाहिलं. भैरूने तेजसकडे पाहिलं.

"त्या पोरीने सांगितलं नाही तुला?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"ती दाखवत होती," रंगराव सावकाश म्हणाले. "आजोबा, मी करून दाखवते, म्हणाली. मी म्हटलं, बाई, आज्यापासून आमच्या घरात हाच धंदा आहे, मला काय दाखवतेस. आणि घेऊन आलो."

रुपाली कपाळावर हात मारून म्हणाली, "मी रोज हे पुसून ठेवत होते. या घरात नळी दिसली की फुंकायचीच असते, असंच मला वाटलं."

रंगरावांनी पुन्हा नळी तोंडात धरली. त्यांनी श्वास ओढला. पहिला चेंडू थरथरला, अर्ध्यावर गेला, पडला. पुन्हा ओढला. तो वर जाऊन टेकला आणि क्षणभर तिथेच राहिला. बस, एकच चेंडू. पण विजयमालाबाईंनी, ज्यांनी आयुष्यात भावाच्या वाजवण्याला बरं म्हटलं नव्हतं, चक्क हात जोडले.

"दमाने घे, दादा," भैरू डोळे पुसत म्हणाला. "आजच्या आज तिसरा नको."

"दमानेच घेतोय. तेच तर शिकवलं आत्ता वहिनीने तुझ्या." मग त्यांना काहीतरी आठवलं. यंत्र मांडीवर ठेवून त्यांनी मुक्ताईकडे रोखून पाहिलं. "पण तुला कसं माहीत?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी करते रोज," ती म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेलात की. माझे तिन्ही जातात."

"तू कशाला करतेस?"

"तुमच्याने होत नव्हतं ना. मला दिसलं होतं त्या दिवशी. म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलेलं चुकायला नको." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "उपास मी धरते तो तुम्हाला लागतो. तसाच श्वासही लागेल, असं वाटलं."

कुणी हसेल अशी तिची खात्री होती. तेजस तर हसायला हवाच होता, तो रोज संगणकावर बसणारा. पण तो उठला आणि आईजवळ येऊन बसला. विजयमालाबाई म्हणाल्या, "चहा मी करते," आणि त्या घरात आजवर कधी न घडलेली गोष्ट घडली. त्या खरंच स्वयंपाकघरात गेल्या.

संध्याकाळी रंगरावांनी क्लॅरोनेट मांडीवर घेतलं आणि बोटं चालवली. मुक्ताईने मेथी निवडता निवडता ओळखलं. ते यंदा लक्ष्मी रोडवर अर्धं राहिलेलं गाणं होतं. ते त्यांनी शेवटपर्यंत नेलं. वाद्य पेटीत ठेवताना म्हणाले, "मला फार भीती वाटत होती गं." आणि ती म्हणाली, "मलाही." एवढंच बोलणं झालं, पण त्यानंतर दोघांना भूक लागली.

बुधवारी इस्पितळात भरती झाले. खोली स्वच्छ होती, खिडकीतून पार्किंग दिसत होतं. रंगरावांनी सगळ्यांत आधी पेटी कुठे ठेवायची ते पाहिलं. क्लॅरोनेट त्यांनी बरोबर आणलं होतं, अजून कुणाला दिलं नव्हतं. दुपारी ती व्यायाम शिकवणारी मुलगी आली, हातात कागद अडकवलेली पाटी.

"काय आजोबा, यंत्र वापरलंत ना? रोज केलंत?"

रंगराव उठून नीट बसले. "रविवारपासून मी केलंय," ते म्हणाले. "त्याआधीचं सगळं हिने केलंय, माझ्या नावाने. ते धरायचं. एकही वगळायचा नाही."

मुलीला काही कळलं नाही. ती दोघांकडे बघून हसली. मुक्ताईला मात्र त्या परक्या खोलीत कुठे बघावं ते समजेना. इतक्या सोमवारांचं, इतक्या वटपौर्णिमांचं या माणसाने कधी नाव काढलं नव्हतं, आणि आज एका अनोळखी पोरीसमोर तो तिचे श्वास आपल्या वाट्यात मोजून घ्यायला लावत होता.

"बरं, मला एकदा करून दाखवा," मुलगी म्हणाली.

त्यांनी यंत्र हातात घेतलं. पण नळी तोंडाला लावायच्या आधी मुक्ताईकडे वळले, आणि त्यांच्या डाव्या हाताचं बोट वर गेलं. आयुष्यभर तिने ते बोट लांबून पाहिलं होतं, रस्त्याच्या कडेने, बायकांच्या घोळक्यातून. आज ते तिच्यासाठी होतं. तिने पदर सावरला, पाठ ताठ केली, आणि बोट खाली आलं तसा दोघांनी एकदम श्वास घेतला.